आपल्या पायाखालची ऊब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. छापताना काही ठिकाणी आटोपशीर केले आहे.)



संयोजकांनी सांगितलं, "तू हैदराबादला सरकारी प्रयोगशाळेत एवढी वर्षं नेमकं काय केलंस ते सांग. आणि समजेल असं सांग." दुसरी अट अवघड आहे, पण प्रयत्न करतो. आपल्या ग्रुपवर महिनाभर एकच प्रश्न फिरतोय, "जमिनीखाली इतकी उष्णता आहे म्हणतात, मग जिंतूरला त्याच्यावर वीज का करत नाहीत?" उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना जेवणाच्या पंगतीकडे जायचं आहे ते जाऊ शकतील. जिंतूरला भूगर्भातल्या उष्णतेवर वीज होणार नाही. निदान आपल्या हयातीत नाही. ती का होणार नाही आणि हे आम्हाला कसं कळलं, एवढाच माझ्या नोकरीचा विषय होता.

हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था, म्हणजे एन.जी.आर.आय., १९६१ साली सुरू झाली. औरंगाबादहून एम.एस्सी. करून मी तिथे लागलो तेव्हा परभणीहून काचीगुड्याला मीटर गेजची गाडी जायची. रात्रभर धुळीत बसून सकाळी उतरलं की उस्मानिया विद्यापीठाच्या बाजूला आमचा परिसर. मला उष्णता विभागात टाकलं. पहिली काही वर्षं माझं काम दगड कापण्याचं. बोअर घेताना जमिनीतून दगडाचा जो अखंड दांडा बाहेर काढतात, त्याला कोअर म्हणतात. त्याच्या बिस्किटासारख्या चकत्या करायच्या, दोन्ही बाजू आरशासारख्या घासायच्या आणि त्या पितळेच्या दोन दांड्यांच्या मध्ये दाबून बसवायच्या. वरून ऊब द्यायची, खालून गारवा द्यायचा. दोन्ही बाजूंचं तापमान स्थिर झालं की त्या दगडातून उष्णता किती सहज जाते ते कळतं. तांब्याच्या भांड्याचा कान लगेच भाजतो आणि मातीच्या मडक्याचा नाही, तोच हिशोब. बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, उष्णता जरा अडवून धरतो. त्याच्या खालचा ग्रॅनाइट तिला त्याहून मोकळी वाट देतो.

दुसरं काम शिवारातलं. बोअरमध्ये तारेला बांधून तापमापक सोडायचा आणि दर काही मीटरवर थांबून आकडा लिहायचा. अंशाचा शंभरावा भाग दिसेल इतका तो नाजूक. आपला तो बोअरची गाडी चालवणारा मित्र (मागे उभा आहे, हसतोय) मला विचारत होता, "बोअर झाल्या झाल्याच का नाही मोजत?" त्याला हे कळायला हवं, कारण तोच रोज करतो. हॅमर चालताना घर्षणाने दगड तापतो आणि हवा-पाण्याच्या माऱ्याने निवतोही. खालचं खरं तापमान बिघडतं. म्हणून बोअर बंद करून ठेवायचा, काही आठवडे, कधी काही महिने, आणि मग जायचं. तोवर गावकऱ्यांनी त्यात दगड टाकलेले असायचे.

किती खोलीला किती अंश वाढतात हे एक, आणि दगडातून उष्णता किती सहज जाते हे दुसरं. या दोन्हींचा गुणाकार केला की जमिनीच्या पोटातून दर चौरस मीटरमागे किती उष्णता वर येते ते मिळतं. जगातल्या खंडांचं सरासरी माप साधारण ६५ मिलिवॅट आहे. आपल्या दख्खनच्या पठारावर ते ४० च्या आसपास येतं. मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग. आता एकराचा हिशोब करू, कारण इथे सगळ्यांना तोच समजतो. एका एकरात ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे तुमच्या एक एकर रानाखालून रात्रंदिवस मिळून जी ऊब वर येते ती सुमारे १६० वॅट. छताचे दोन जुने पंखे. त्याच एकरावर उन्हाळ्यात दुपारी सूर्य जे ओततो त्याच्याशी तुलनाच नको, तिथे एका चौरस मीटरलाच हजार वॅटच्या घरात मिळतात.

काही जण म्हणतात, आपला सगळा दगड लाव्ह्याचा आहे, मग खाली अजून धग असणारच. आपला लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. किलोमीटरभर जाडीचा थरसुद्धा काही लाख वर्षांत पार निवतो. नेमगिरीच्या डोंगरावर आपण सहलीला जायचो, त्या डोंगराच्या पोटात आगीची आठवणसुद्धा शिल्लक नाही. उलट बेसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम ही स्वतःची उष्णता निर्माण करणारी द्रव्यं ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी कमी.

आता किल्लारीविषयी थोडं सविस्तर बोलतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक झोपेत, स्वतःच्या घराच्या माती-दगडाच्या भिंतींखाली. नंतर कित्येक आठवडे मराठवाड्यात लोक अंगणात, रस्त्यावर झोपत होते. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्या रात्री बाहेर काढल्या असतील. माझ्या आईने शेजाऱ्यांच्या फोनवरून मला हैदराबादला विचारलं होतं, "बाबा, खाली आग पेटलीय म्हणतात. ज्वालामुखी फुटणार आहे का? आम्ही तिकडे येऊ का?" ती न शिकलेली बाई होती, पण प्रश्न अगदी नेमका होता. शास्त्रज्ञांनाही तोच पडला होता, फक्त वेगळ्या शब्दांत. भूकंपाची सवय नसलेला, स्थिर म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश. मग हे कशामुळे झालं? खाली कुठे नेहमीपेक्षा जास्त तापलेला, मऊ पडलेला दगड आहे का?

त्याचं उत्तर तर्काने मिळणार नव्हतं. किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल बोअर घेतला गेला. ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट लागला, त्याखाली गाळाच्या दगडाचा अगदी पातळ थर आणि मग जुना मूळ खडक. तापमानं मोजली गेली, दगडाच्या चकत्या पितळेच्या दांड्यांमध्ये बसल्या. उष्णतेचा प्रवाह निघाला ४३ मिलिवॅटच्या आसपास. म्हणजे दख्खनमध्ये इतरत्र असतो तेवढाच. खाली आग नव्हती. जमीन तापलेली नव्हती. हा भूकंप थंड, ठिसूळ खडकात साठलेल्या ताणामुळे झाला होता.

हा निकाल आमच्या शास्त्रीय लेखांत दोन ओळींत येतो. पण ज्या गावांत लोक जमिनीला कान लावून झोपत होते, तिथे या दोन ओळींना किंमत होती. पुढच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा मी आईला एवढंच सांगितलं, "खाली आग नाही. मोजलंय." ती म्हणाली, "तू मोजलंस?" मी म्हटलं, "आमच्या लोकांनी." तिला ते पुरलं. नंतर गल्लीत तिने ते आणखी किती जणींना सांगितलं असेल देव जाणे.

माझे थोरले बंधू मात्र समाधानी नव्हते. ते शेतकरी. लोडशेडिंगच्या काळात रात्री दोनला उठून मोटार चालू करायला जायचे. एकदा जेवताना म्हणाले, "तीस वर्षं दगड मोजलेस. एक दिवा तरी लागला का रे त्याच्यावर?" खरं तर हा प्रश्न देशातल्या सगळ्या भूऔष्णिक संशोधनालाच विचारायला हवा. म्हणून त्याचं उत्तर जरा लांबून देतो.

गरम पाण्याचे झरे आपल्याला नवीन नाहीत. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे उनकेश्वर आहे, तिथे शरभंग ऋषी आणि रामाच्या बाणाची कथा सांगतात. जळगावकडे उनपदेव. कोकणात तर रांगच आहे, वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीपासून उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूरपर्यंत. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं, हात घालवत नाही. तुम्ही म्हणाल, दख्खनमध्ये उष्णता कमी, मग हे पाणी कसं तापलं? पावसाचं पाणी मोठ्या भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या दगडाची ऊब घेतं आणि दुसऱ्या भेगेतून इतक्या भरभर वर येतं की वाटेत निवायला वेळच मिळत नाही. झऱ्याखाली भट्टी नसते. तिथे फक्त चांगली वाट असते.

१९६६ साली केंद्र सरकारने या झऱ्यांचा विचार करायला एक समिती नेमली. तिथून आपल्याकडे हे काम शासकीय पातळीवर सुरू झालं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरच्या झऱ्यांची यादी केली, ती तीनशेच्या वर जाते. सगळ्यात मोठी आशा होती लडाखमधल्या पुगा खोऱ्यात. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंच, हवा इतकी विरळ की पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. १९७३ पासून तिथे ३४ बोअर घेतले गेले, सगळ्यात खोल ३८५ मीटरच्या आतला. आमच्या संस्थेच्या लोकांनी तिथे उष्णतेचा प्रवाह मोजला, तो आपल्या दहापटीहून जास्त निघाला. तिथे एका खोलीला झऱ्याच्या पाण्याने ऊब देऊन दाखवली. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने त्या उष्णतेवर टाकणखार आणि गंधक शुद्ध करण्याचे प्रयोग केले. हिमाचलात मणिकर्णला बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ५ किलोवॅटचं वीजयंत्र बसवलं. तिथेच झऱ्याच्या पाण्यावर चालणारं साडेसात टनांचं शीतगृहही झालं. गरम पाण्यावर शीतगृह हे ऐकायला विचित्र वाटतं, पण उष्णता देऊन अमोनिया फिरवला की थंडी तयार करता येते, जुने गॅसवर चालणारे फ्रिज तसेच होते.

मणिकर्णच्या यंत्राचं तत्त्व समजून घ्या, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आहे. झऱ्याचं पाणी वाफ होण्याइतकं गरम नसतं. म्हणून ते एका वेगळ्या द्रवाला ऊब देतं, जो पाण्यापेक्षा कितीतरी कमी तापमानाला उकळतो. त्या द्रवाची वाफ चक्र फिरवते, मग निवते, पुन्हा द्रव होते, पुन्हा फिरते. पाणी आपलं बाजूने निघून जातं.

आता ५ किलोवॅट म्हणजे किती? आपल्या येलदरी धरणाच्या वीजघराची क्षमता साडेबावीस मेगावॅट. म्हणजे मणिकर्णची साडेचार हजार यंत्रं जोडली तर एक येलदरी होईल. दादांच्या विहिरीवरच्या मोटारीलाच ते यंत्र कसंबसं पुरलं असतं. प्रयोग म्हणून ते यशस्वी होतं. पण सरकारी प्रयोगशाळेत आपल्याकडे एक होतं, आणि हे मी आतून पाहिलेलं आहे. यंत्र चालतं, फोटो निघतो, अहवाल छापला जातो, आणि मग ते रोज चालवायचं कोणी, पाण्यातल्या क्षारांनी नळ्या तुंबल्या तर साफ करायच्या कोणी, याला कुठल्याच खात्याच्या कागदावर जागा नसते. वैज्ञानिक पुढच्या प्रकल्पाकडे जातो. देशाची भूऔष्णिक क्षमता १० हजार मेगावॅटच्या वर असल्याचा आकडा तुम्ही पेपरात वाचत असाल. तो जुन्या अंदाजांवरून काढलेला आहे. मी त्याच्यावर कर्ज काढणार नाही.

तरी अलीकडे थोडी हालचाल आहे. २०२१ मध्ये ओएनजीसीने पुग्यात १ मेगावॅटच्या प्रकल्पासाठी लडाख प्रशासनाशी करार केला. २०२२ मध्ये खोदताना गरम पाणी उसळून नाल्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं. तेलंगणात मणुगूरजवळ सिंगरेणी कोळसा कंपनीने २० किलोवॅटचं यंत्र बसवलं, तेही मणिकर्णच्याच तत्त्वावर. मणुगूर गोदावरीच्या खोऱ्यात आहे, म्हणजे आपल्या पूर्णेचं पाणीही शेवटी त्याच बाजूने जातं. २०२५ मध्ये केंद्र सरकारने पहिल्यांदाच राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केलं. १९६६ च्या समितीनंतर धोरण यायला ५९ वर्षं लागली. आपल्यापैकी बरेच जण त्या समितीच्याच वयाचे आहेत.

बाहेरच्या देशांत काय झालं? इटलीत लार्डेरेल्लोला १९०४ मध्येच जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लावून दाखवले होते. आइसलँडमध्ये दहातली नऊ घरं या उष्णतेवर उबदार राहतात. पण ते देश ज्वालामुखीच्या मांडीवर बसलेले आहेत. आपल्याला उपयोगी गोष्ट अमेरिकेतली आहे. लॉस अलामॉस, जिथे अणुबॉम्ब झाला, त्या सरकारी प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात फेंटन हिल इथे एक वेगळाच प्रयोग केला. झरा नाही, वाफ नाही, नुसता कोरडा गरम ग्रॅनाइट. तिथे दोन खोल विहिरी घ्यायच्या, पाण्याच्या दाबाने मधला दगड चिरायचा, एका विहिरीतून थंड पाणी सोडायचं आणि दुसरीतून गरम काढायचं. हे जमलं, पण महाग पडलं, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला पैसा थांबला. लोक म्हणाले, वीस वर्षं पाण्यात गेली.

त्याच काळात दुसरी सरकारी प्रयोगशाळा, सँडिया, एका छोट्या प्रश्नावर बसली होती. कठीण, तापलेल्या दगडात बोअरची बिट लवकर झिजते. कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या बसवलेली बिट तेव्हा नवी होती. ती कुठे तुटते, का तापते, चकत्या कशा चिकटवायच्या, याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला, भूऔष्णिक विहिरींसाठी. फायदा आधी घेतला तो तेलवाल्यांनी. आज जगातल्या तेलविहिरींचं बहुतेक खोदकाम तसल्या बिटने होतं. आणि आता युटा राज्यात अमेरिकी सरकारच्या प्रयोगक्षेत्रात त्याच बिट वापरून ग्रॅनाइटमध्ये फेंटन हिलची कल्पना पुन्हा चालू आहे, पहिल्यापेक्षा बऱ्याच वेगाने. धोकाही आहे. स्वित्झर्लंडमध्ये बासेल शहराखाली २००६ मध्ये असं पाणी दाबलं तेव्हा ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि प्रकल्प बंद करावा लागला. किल्लारी पाहिलेल्या माणसाने ही गोष्ट विसरू नये.

मग आपल्याकडे किती खोल जावं लागेल? किल्लारीच्या मापांवरून ढोबळ हिशोब करतो. बेसाल्टमध्ये किलोमीटरला चोवीसेक अंश वाढतात, खालच्या खडकात पंधरा-सोळा. शंभर अंश गाठायला साडेचार किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पंधरा हजार फूट. बोअरवाल्या मित्रा, तुझ्या गाडीला रॉड किती लागतील बघ. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी आपल्या देशाने ३ किलोमीटर खोल बोअर घेतला, २०१७ मध्ये तो पूर्ण झाला. त्यासाठी कराडला स्वतंत्र प्रयोगशाळा उभी करावी लागली. तो विज्ञानासाठी योग्यच खर्च होता. वीज विकून तो वसूल होणार नाही.

दादांना मी एवढं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे नाहीच." मी म्हटलं, "नाही. पण पाणाड्या नारळ घेऊन फिरतो तसं कोणी उद्या येऊन तुम्हाला म्हणाला, तुमच्या रानाखाली वाफ आहे, पैसे गुंतवा, तर त्याला हाकलून द्यायला आकडा तयार आहे." त्यांना ते पटल्यासारखं दिसलं, पण ते म्हणाले, "हाकलायला मला आकडा लागत नाही."

आता एक गोष्ट जी जिंतूरला होऊ शकते. वीज सोडा, गारव्याचं बोलतो. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी गार लागतं, हिवाळ्यात पहाटे त्याच्यावर वाफ दिसते. पाणी फारसं बदलत नाही, आपण बदलतो. तीन-चार मीटर खाली गेलं की जमिनीला ऋतू जवळपास कळत नाहीत. आपल्या भागात तिथे वर्षभर २७ ते २९ अंश राहतात, बाहेर मे महिन्यात ४३ असले तरी. आपल्या आजोबांना हे माहीत होतं. ज्वारी पेवात का भरायचे? चोर आणि दुष्काळ ही कारणं होतीच, पण पेवातलं धान्य उन्हाळ्यात भाजत नाही हेही होतं. हाच उपयोग आज नळ पुरून करतात. घरात येणारी हवा आधी जमिनीखालच्या लांब नळातून फिरवायची. गुडगावजवळ ग्वाल पहाडीला टेरी संस्थेच्या इमारतीत चार मीटर खोल असे बोगदे घातले आहेत. पंख्याला लागते तेवढीच वीज लागते. दमट हवेत त्याचा त्रास होतो, बुरशी धरते, पण आपला एप्रिल-मे कोरडा असतो. शाळेच्या नव्या खोल्यांचं बांधकाम काढायचं चाललंय असं मुख्याध्यापक सरांनी सकाळी सांगितलं. पाया खणलेला असतानाच नळ टाकले तर खर्च थोडा, खोल्या बांधून झाल्यावर मग पुन्हा अंगण खणावं लागेल. मी सरांना चित्र काढून देणार आहे. लातूर-परभणीकडच्या एखाद्या अभियंत्याकडून ते तपासून घ्यावं, माझ्या शब्दावर जाऊ नये.

त्याला आधी आपल्या जमिनीचं खरं तापमान लागेल, वर्षभराचं. तालुक्यात हजारो बोअर आहेत, पण त्यातल्या पाण्याचं तापमान कोणी लिहून ठेवत नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेला दोन तापमापक देतोय, अंशाचा दहावा भाग दाखवणारे. नववीच्या विज्ञानाच्या बाईंनी मुलांकडून नोंदवही चालवायचं कबूल केलंय. पद्धत सोपी आहे. मोटार दहा मिनिटं चालू द्यायची म्हणजे पाइपात तापलेलं पाणी निघून जातं. मग बादली भरायची, सावलीत, आणि लगेच मोजायचं. सोबत तारीख, बोअरची खोली फुटात आणि पाणी किती फुटावर लागलं ते लिहायचं. महिन्यातून एकदा, तोच बोअर, साधारण तीच वेळ. बोअरवाल्या मित्राने खोल्यांची माहिती द्यायचं मान्य केलंय, त्याची वही माझ्यापेक्षा नीट आहे. आतापर्यंत सात बोअर यादीत आले आहेत, चारठाण्याकडचे दोन, येलदरी रस्त्यावरचे तीन आणि गावातले दोन. पूर्वेच्या बाजूचं एकही नाही. तिकडच्या कोणाचं रान असेल तर चहाच्या टेबलाजवळ मला भेटा, मी वही घेऊन तिथेच आहे.